मामा कोणत्या बाजूचे?

इंग्लंडमध्ये चाळिशी ओलांडली की सरकारी आरोग्यसेवेचं पत्र येतं. दर पाच वर्षांनी या, वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बघू. मी पहिलं पत्र बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याला गेलो. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, कोलेस्टेरॉलचा आकडा आला ८.१, म्हणजे बराच जास्त. आपल्याकडच्या मोजणीत साधारण ३१३. नर्सने आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (मी बारीक आहे, रोज सायकल चालवतो) आणि विचारलं, घरात कमी वयात हृदयविकाराने कुणी गेलंय का?

"एक अंकल. ४४व्या वर्षी."

"आईकडचे की वडिलांकडचे?"

मला हसू आलं. मराठीत हा प्रश्न पडतच नाही. मामा, काका, आत्या, मावशी, प्रत्येक शब्दात बाजू ठरलेली. आनुवंशिकतेचा अर्धा तक्ता आपल्या भाषेने आधीच काढून ठेवलाय. तो भरायचा तेवढा राहिलाय.

तो भरायला म्हणून रविवारी आईला फोन लावला. मामा कसा गेला? "टेन्शन होतं रे त्याला, नोकरीचं." आणि आजोबा, तेही पन्नाशीच्या आतच ना? "त्यांचं वेगळं. तंबाखू." आणि तुझे ते चुलते? "ते तर झोपेतच गेले, पुण्यवान." तीन मरणं, तीन निराळी कारणं, प्रत्येक कारण आपापल्या जागी अगदी पटण्यासारखं. म्हणूनच ती तिन्ही कधी कुणी एका ओळीत मांडली नाहीत. शेवटी आई म्हणाली, "असलं काही तिथे लिहून देऊ नकोस हं."

त्याच सुमारास आमच्या भावंडांच्या ग्रुपवर जुनाच वाद नव्याने पेटला होता. जिममध्ये, लग्नात नाचताना, क्रिकेटच्या मैदानावर तिशी-चाळिशीतली माणसं कोसळल्याचे व्हिडिओ, आणि खाली दोन तट. एक म्हणतो कोविडची लस, दुसरा म्हणतो प्रोटीन पावडर आणि जागरणं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) नेमका हाच प्रश्न तपासला होता. ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयातले ७२९ आकस्मिक मृत्यू, नोव्हेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध. लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. ज्यांनी वाढल्याचं दिसलं त्यांत कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागणं, आदल्या दोन दिवसांतलं अति मद्यपान किंवा जबर व्यायाम होता. आणि कुटुंबात कुणाचा असाच अचानक मृत्यू झालेला असणं. त्याने शक्यता सुमारे अडीच पट.

लशीवरचं वाक्य ग्रुपवर शंभर वेळा फिरलं. व्यायामाचंही फिरलं, कारण ते सोफ्यावर बसणाऱ्यांच्या सोयीचं होतं. कुटुंबाचं वाक्य एकदाही कुणी उचललं नाही. लशीवर सरकारशी भांडता येतं, जिमवर पुतण्याशी. या वाक्यावर काही करायचं तर आईला फोन लावावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'आमच्या घराण्यातच शुगर आहे' हे आपण पंगतीत, जिलबी वाढून घेताना, मोठ्याने सांगतो. कारण त्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट स्वतःची सुटका होते. ज्या आजाराने स्थळ मोडू शकतं, तो मात्र 'टेन्शन' होतो, 'तंबाखू' होतो, 'नजर' होतो. म्हणजे आनुवंशिकता आपण मानतो ती सबब म्हणून. माहिती म्हणून ती नकोशी असते.

माझी पुढची तपासणी झाली. निदान: फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं वाढीव कोलेस्टेरॉल. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उचलून आत घेणारे रिसेप्टर असतात. हे यंत्र उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. माझ्या त्या रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे, जन्मापासून. अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला असा दोष असतो. उपचार घेतले नाहीत तर अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. बायकांना तो साधारण दहा-वीस वर्षांनी उशिरा गाठतो, म्हणून आई ७१व्या वर्षीही खणखणीत आहे आणि स्वतःला या गोष्टीच्या बाहेर समजते. दोष तिच्या वडिलांकडून आला असेल, तर मधली कडी तीच. अपत्याकडे जायची शक्यता निम्मी. इथे पालकाला हा दोष असला की मुलांची चाचणी वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत व्हावी असं सांगतात.

यात 'नशीब' म्हणण्यासारखं फार थोडं आहे, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. रोज एक स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी आणि वर्षाकाठी रक्ततपासणी, एवढ्याने धोका पुष्कळ खाली येतो. मामाच्या वेळी आपल्याकडे स्टॅटिन मिळत होतं. मिळाली नाही ती फक्त आजोबांच्या मरणाची नीट नोंद.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मात्र नाही. जनुकीय चाचणीचा निकाल यायला माझे काही महिने गेले. धोका मोजणाऱ्या गणकयंत्रात आई-वडील, भावंडं, मुलं एवढंच विचारतात, मामाला जागाच नाही. नर्स स्वतःहून पुढे विचारती झाली म्हणून तो सापडला. विमा कंपन्या इथेही घराण्याचा इतिहास विचारतात. आणि आपल्याकडची भीतीही निराधार नाही. 'आनुवंशिक विकार वगळून' ही आरोग्यविम्यातली सरसकट अट दिल्ली उच्च न्यायालयाने भेदभावाची ठरवली ती २०१८ मध्ये, आणि दाद मागणारा माणूस हृदयाच्या स्नायूच्या आनुवंशिक विकाराचाच रुग्ण होता. शिवाय भरलेल्या ओपीडीत तीन मिनिटांत मामाबद्दल विचारायचं कोणी आणि कधी? तिथल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण ओपीडीत वेळ नाही म्हणून घरातही वेळ नसावा, हे मला पटत नाही.

निदानानंतर क्लिनिकने एक पत्र हातात दिलं, नातेवाइकांना पाठवायचं: तुमच्या कुटुंबात हा दोष आढळला आहे, कृपया तपासणी करून घ्या. मी त्याचं मराठी केलं आणि ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले. एक संदेश येऊन लगेच डिलीट झाला. अर्ध्या तासात मामीचा फोन. "बाळा, काढून टाक रे ते. ताईचं बघणं चाललंय, ग्रुपवर तिकडची ओळखीची माणसं आहेत." ताई म्हणजे मामाची धाकटी. तिच्यातही निम्मी शक्यता. हे मी मामीला फोनवर सांगू शकलो नाही. पत्र काढून टाकलं.

रात्री, म्हणजे तिथे पहाट व्हायच्या सुमारास, ताईचा वेगळा मेसेज आला. "दादा, डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढलाय. लिपिड प्रोफाइल उपाशीपोटीच करायची ना? आणि आईला सांगू नकोस."