टीव्हीचं नेट सुधारू नये म्हणून घ्यायची काळजी

रात्रीचे साडेआठ. ताटं वाढलेली आहेत, शेवटच्या षटकात अकरा धावा हव्यात, गोलंदाज धावत निघालाय आणि पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरायला लागतं. बघा, घर कसं लगेच जिवंत होतं! आजोबा केबलवाल्याचा उद्धार करतात, चिरंजीव टीव्हीच्या कंपनीचा, आणि सूनबाई ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य घासूनपुसून तयार ठेवतात. एरवी आपापल्या मोबाइलात बुडालेली चार माणसं एका विषयावर बोलू लागतात. हे सुख हातचं जाऊ द्यायचं नसेल तर डोळ्यांत तेल घालून जपायला हवं. कारण टीव्हीचं वाय-फाय हे दुर्दैवानं फार लवकर दुरुस्त होणारं प्रकरण आहे.

सगळ्यात आधी एक गुपित सांभाळा. नेट घरापर्यंत येतंय का, हा एक प्रश्न. आणि राऊटरपासून टीव्हीपर्यंत पोचतंय का, हा दुसरा. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का आणि आपल्या नळाला येतंय का, यातला फरक घरात सगळ्यांना कळतो. नेटच्या बाबतीत मात्र तो कळू देऊ नका. ‘नेट गेलंय’ या दोन शब्दांत दोन्ही आजार गुंडाळून ठेवा.

तरी घरात एखादी चौकस पोर असतेच. ती म्हणेल, मोबाइलवर बघू की चालतंय का. बघू द्या, पण दोन पथ्यं पाळायला लावा. एक, मोबाइल डेटा चालूच ठेवायचा. म्हणजे वाय-फायला दम नसला की फोन गुपचूप स्वतःच्या सिमवर जातो, व्हिडिओ सुरळीत चालतो आणि सगळा दोष टीव्हीच्या माथी बसतो. दुसरं, ही परीक्षा राऊटरशेजारी उभं राहून घ्यायची. चुकून कुणी डेटा बंद केला, टीव्हीला पाठ लावून उभं राहिलं आणि तिथे वेग मोजला, तर दोन मिनिटांत निकाल लागेल. तो लागता कामा नये.

बाहेरून येणारी नेटची वायर ज्यात शिरते त्या फायबरच्या डब्यावरच्या दिव्यांकडेही बघू नका. ‘पॉन’ लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरून प्रकाश येतोय. ‘एलओएस’ लाल झाला असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे वायर कुठे तरी तुटली, निसटली किंवा मुडपली आहे. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये कितीही खोल उतरलात तरी उपयोग शून्य. म्हणूनच तिथे अवश्य उतरा. ती बारीक पिवळी वायर सोफ्याच्या पायाखालून न्या, उरलेली कपड्याच्या क्लिपात आवळून तिची छान घट्ट गुंडाळी करा. आतून जाते ती काच, आणि काचेला काटकोनात वळवलं की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. हाताच्या पंजाएवढ्या मोठ्या वेटोळ्यात ती सुखानं नांदते, त्यामुळे तेवढं मोठं वेटोळं कधीही करू नये.

आता मुख्य विधी : राऊटरची स्थापना. फायबर जोडायला आलेला मुलगा जिथे सोयीचं पडतं तिथे भोक पाडतो, म्हणजे बहुधा दाराच्या वर, माळ्यालगत. ती जागा ब्रह्मदेवानं नेमून दिल्यासारखी कायम ठेवा. वायर दहा-पंधरा मीटर वाढवून राऊटर हॉलमध्ये छातीएवढ्या उंचीवर, मोकळा आणि टीव्हीच्या नजरेच्या टप्प्यात आणता येतो, हे त्याला विचारूच नका. उलट तो माळ्यावर सरकवा आणि पुढे स्टीलच्या पिंपांची तटबंदी करा. धूळ बसू नये म्हणून वर क्रोशाचा रुमाल घाला; रेंज त्यातून आरपार जाते, पण राऊटर तापून वरचेवर मान टाकू लागतो, तेवढाच हातभार. राऊटर आणि टीव्ही यांच्या मधोमध लोखंडी कपाट आलं तर उत्तम. त्याच्या दाराला आरसा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण आरशामागचा धातूचा लेप लहरी परतवून लावतो. सिमेंटचा खांब, त्यातल्या सळया, भरलेली माशांची टाकी, ही सगळी आपल्याच पक्षातली मंडळी. पाणी तर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पिऊनच टाकतं.

या गिगाहर्ट्झची एक गंमत आहे. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ चा पट्टा लांब पोचतो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यावर गर्दी मरणाची. ५ चा वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींत दमतो. टीव्ही आणि राऊटर एकाच खोलीत असतील तर ५ घ्यावा, मध्ये भिंती असतील तर २.४, इतकं हे सोपं आहे. ते सोपं राहू नये म्हणून राऊटरमधला दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारा पर्याय चालू ठेवा. मग टीव्ही कुठल्या पट्ट्यावर बसलाय ते तुम्हालाही कळत नाही आणि बऱ्याचदा त्यालाही. दोन वेगळी नावं दिलीच असतील, तर शेवटी ‘५जी’ असलेल्या नावाकडे बोट दाखवून सांगा, की आपला टीव्ही ५जी नाही, नवा घ्यावा लागेल. मोबाइलच्या ५जीचा आणि या पाचाचा काडीचा संबंध नाही, हे गुपित क्रमांक दोन.

काही स्वस्त टीव्हींना ५ चा पट्टा दिसतच नाही, कारण त्यांच्यात फक्त २.४ चा रेडिओ असतो. हे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण खोकं आपण कधीच रद्दीवाल्याला दिलेलं असतं. काही टीव्ही ५ चे असूनही त्या पट्ट्यातले सगळे चॅनल (मालिकांचे नव्हेत, पट्ट्याचे क्रमांक दिलेले कप्पे) ओळखत नाहीत. ५२ ते १४४ या चॅनलांवर राऊटरला त्याच लहरी वापरणाऱ्या रडारची चाहूल लागली तर जागा खाली करावी लागते, आणि कित्येक टीव्ही या भानगडीत पडतच नाहीत. राऊटर ‘ऑटो’वर ठेवला की तो एखाद्या पहाटे या चॅनलांवर जाऊन बसतो. मोबाइलला नेटवर्क दिसतं, टीव्हीला दिसत नाही, आणि घरात भुताटकीचा संशय येतो. ३६ ते ४८ पैकी एखादा चॅनल कायमचा निवडला की भूत उतरतं. म्हणून ‘ऑटो’ला हात लावू नका.

२.४ वर तर आपण काहीच करायची गरज नाही. सोसायटी समर्थ आहे. तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या पायात न येणारे, आणि आसपास वीस-पंचवीस राऊटर. तुम्ही ३ किंवा ८ वर बसा, म्हणजे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी एकाच वेळी भांडता येतं. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झऐवजी ४० करा. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर पाय पसरून बसण्याचा तोच आनंद. आणि मॅचच्या वेळी मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजायला विसरू नका. तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि कितीही बंदिस्त म्हटला तरी थोडा झिरपतो.

ज्यांच्याकडे टीव्हीत खोचायची स्टिक आहे त्यांचं भाग्य वेगळंच. टीव्हीची पाठ धातूची, तिच्यामागे भिंत, आणि मधल्या बोटभर फटीत ती स्टिक गुदमरलेली. तिच्या खोक्यात बऱ्याचदा एक वीतभर एचडीएमआयची जोडवायर असते. ती लावली की स्टिक पाठीमागून बाहेर डोकावते आणि रेंज सुधारते. तेव्हा ती वायर स्क्रू आणि जुने चार्जर यांच्या ड्रॉवरमध्ये सुखरूप ठेवा. शेजारच्या निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत हार्ड डिस्क लावलीत तर तिचा गोंगाट २.४ वरच पडतो, हेही जाणकारांनी ध्यानात घ्यावं.

एवढं करूनही वेग बरा येत असेल तर पैसे खर्च करा. पन्नास एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप) वेगाचा प्लॅन तीनशेचा करा. नेटफ्लिक्सला फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरतात आणि फुल एचडीला ५, पण हा हिशेब जेवणाच्या टेबलावर काढू नये. अडथळा माळ्यावर असताना मुख्य नळ मोठा केल्याचं समाधान काही औरच असतं. आणि खबरदार, कुणी लॅन केबलचं नाव काढलं तर! दोन्ही टोकांना आरजे-४५ पिन लावलेली कॅट-६ केबल राऊटरमधून थेट टीव्हीत घातली, की वरचे सगळे परिच्छेद एका फटक्यात निकामी होतात. बहुतेक टीव्हींची ती खाच १०० एमबीपीएसचीच असते, पण फोर-केला तीही पुरून उरते. तेव्हा ‘भिंतीवर वायर वाईट दिसते’ हा मुद्दा लावून धरा. डिशची, दाराच्या बेलची आणि दिवाळीच्या माळेची वायर वाईट दिसत नाही, तो भाग वेगळा.

बंद करून चालू करण्याची पद्धतही नीट चुकवावी लागते. रिमोटचं लाल बटण दाबून पुन्हा दाबा आणि ‘रीस्टार्ट केला’ म्हणून कस्टमर केअरला ठणकावून सांगा. त्यानं टीव्ही फक्त डुलकी घेतो. राऊटरनं दिलेला जुना बिघडलेला पत्ता, अडकलेलं अ‍ॅप, सगळं उशाशी घेऊनच उठतो. खरा रीस्टार्ट म्हणजे प्लग काढून मिनिटभर थांबणं, आणि क्रम असा : आधी फायबरचा डबा आणि राऊटर, ते सावरायला दोन-तीन मिनिटं, मग टीव्ही. वीज जाऊन आल्यावर हा क्रम आपोआप उलटा होतो. टीव्ही लगबगीनं उठतो, राऊटर अजून डोळे चोळत असतो, आणि टीव्ही ‘नेटवर्क नाही’ म्हणून रुसून बसतो. एलजीच्या काही टीव्हींवर क्विक स्टार्ट प्लस बंद केलं की हे रुसवे कमी होतात. तेव्हा ते चालूच असू द्या. चार सेकंद लवकर सुरू होणाऱ्या टीव्हीवर चाळीस मिनिटं चक्र बघायला मिळतं.

आता समजा टीव्ही म्हणतोय ‘जोडलं आहे, पण इंटरनेट नाही’. हा मजकूर वाचून राऊटरवर हात आपटायचा असतो. नेटवर्कच्या तपशिलात जाऊन पत्ता बघायचा नसतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राऊटरनं टीव्हीला पत्ता दिलेलाच नाही. नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडलं की बहुधा मिळतो. पत्ता १९२.१६८ चा आणि ठीकठाक असेल, तर डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी हातानं ८.८.८.८ घालून बघतात म्हणे. तुम्ही कशाला बघताय?

याहून सुंदर दोष घड्याळाचा. टीव्हीची तारीख चुकली की अ‍ॅप उघडत नाहीत, कारण समोरच्या सर्व्हरचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच ग्राह्य असतं. टीव्ही २०१७ सालात जगत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मायचंय. रेंज पूर्ण, वेग झकास आणि तरी सगळं ठप्प! इतका निर्मळ गोंधळ दुसऱ्या कुठल्या बिघाडात नाही. तारीख-वेळ ‘आपोआप’वर टाकली की तो मिटतो, म्हणून त्या पानावर जाऊच नये. म्हाताऱ्या टीव्हींची कथा याच्याच उलट. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांचा भार वाहणारं एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि ज्या जुन्या उपकरणांना नवं मिळालं नाही ती कित्येक ठिकाणी दारातच अडली. अशा टीव्हीचा पडदा धडधाकट असतो, फक्त अक्कल जुनी. दोन-चार हजारांची स्टिक लावली की तो पुन्हा कामाला येतो. पण दसऱ्याला पंचावन्न इंची आणायचं कारण हवं असेल तर हे वाक्य वाचलं नाही असं समजा.

पासवर्डचं फार सांगत नाही. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर टिपताना शून्य आणि ओ यांत गल्लत करा, ‘पासवर्ड दाखवा’वर टिचकी मारू नका, एवढं पुरे. राऊटरला सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए-३ हे वाय-फायचं नव्या पद्धतीचं कुलूप ठेवलंत तर जुना टीव्ही पासवर्ड बरोबर असूनही नाही म्हणतो. डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र ठेवलं तर तो ऐकेल, आणि आपल्याला तो ऐकायला नकोय. एकच अ‍ॅप अडलंय आणि बाकी सगळी चालतायत, तरी दोष नेटचाच म्हणा. त्या अ‍ॅपची कॅशे, म्हणजे साठलेला तात्पुरता पसारा, साफ करणं, ते अपडेट करणं, टीव्हीतल्या आठ जीबीपैकी जागा किती उरलीय ते बघणं ही रिकामटेकड्यांची कामं.

मग तज्ज्ञ बोलवा. नेटवाला टीव्हीकडे बघून म्हणेल, ‘टीव्हीच जुना झालाय काका.’ टीव्हीवाला राऊटरकडे न बघताच म्हणेल, ‘नेटच खराब आहे तुमचं.’ दोघांना एकाच वेळी घरी बोलवू नका, नाही तर चुकून खरं बाहेर पडेल. एक शनिवारी, एक रविवारी.

आणि सगळं हरल्यावर उरतो तो महायज्ञ : फॅक्टरी रीसेट. आधी बाकी काही तपासू नये, थेट हाच करावा. लावलेले चॅनल, सगळ्या अ‍ॅपचे लॉगिन, आईनं महत्प्रयासानं जमवलेली आवडत्या मालिकांची यादी, सारं स्वाहा होतं. टीव्ही बंद होतो, चालू होतो, दुकानातून आल्यासारखा कोरा करकरीत. भाषा विचारतो, देश विचारतो, आणि मग विचारतो : वाय-फायचा पासवर्ड?

तो राऊटरच्या तळाला चिकटवलेल्या स्टिकरवर आहे. राऊटर माळ्यावर, पिंपांच्या मागे. शिडी वॉचमनकडे असते आणि तो नऊला जेवायला जातो.