व्यायाम सोमवारपासूनच

यशस्वी माणसं पहाटे उठून व्यायाम करतात, हे तुम्हाला पटलंय. छान. आता तो होणार नाही याची नीट तजवीज करायला हवी.

सुरुवात बुटांपासून करा. मे अखेरीस महागातले घ्या आणि एकदा भिजवून ओटीवरच्या फळीखाली ठेवून द्या. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवले तर ते टिकतात, म्हणून तसं करू नका. गणपतीपर्यंत हिरवी बुरशी धरते आणि मग बूटच नाहीत म्हटल्यावर चालणार कसं?

दिवस सोमवार धरा, तोही एक तारखेला येणारा. शिमगा, आंब्याच्या पेट्या, मे महिन्यातले चाकरमानी, मग पाऊस, मग गणपती. एवढ्यातून वर्षाकाठी एखादाच सोमवार निसटतो, त्या दिवशी कुणाचं तरी बारसं असतंच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. याचा भागाकार चुकूनही करू नका. दिवसाला जेमतेम 22 मिनिटं येतात, आणि तेवढी वेळ एसटीची वाट बघताना स्टँडवरच सापडण्याचा धोका आहे. आपण ‘तासभर तरी हवाच’ या मतावर ठाम राहावं.

किनाऱ्यावर जाणार असाल तर रोज सहाची वेळ ठरवा आणि तिथी बघू नका. पाऊणकीचा पाढा पाठ असलेली कुठलीही आजी सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे तुमच्या सहा वाजता घट्ट ओली वाळू पाण्याखाली, आणि तुम्ही सुरूच्या झाडांकडेच्या भुसभुशीत वाळूत घोट्यापर्यंत रुतलेले. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दगड. पुनवेला आणि अवसेला त्याच सुमारास ओहोटी असते, पुळण चांगली टणक मिळते. पण ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. तिच्यामागून आपली वेळ सरकवणं हे कोळ्यांचं काम, यशस्वी माणसाचं नव्हे. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. त्याच वाटेने परत फिरलं तर दोन्ही पायांचा हिशोब जमतो. तेव्हा परतताना रिक्षा करा.

सूर्यनमस्कार पहिल्याच दिवशी 108. सहापासून सुरू करून आठवड्याला दोन वाढवणारे लोक वर्षभर घालत राहतात, त्यांच्या नादी लागू नका. अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त जाणवते, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलतो. तिसऱ्या दिवशी पाखाडीच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून कुर्लीसारखे आडवे उतरा. कुणी विचारलं की ‘इंजुरी’ म्हणा. आता दिवाळीपर्यंत विश्रांती.

त्यातूनही चालायला निघालातच, तर बोलता येतं पण गाता येत नाही इतका वेग योग्य धरतात. यातला बोलण्याचा भाग तेवढा पाळा, दर कुंपणाच्या गडग्यापाशी थांबून.

गजर मात्र पावणेसहाचाच राहू द्या, मोठ्या आवाजात. तुम्ही यशस्वी होताय हे निदान शेजाऱ्यांना तरी कळायला हवं.