कृपया गाडी पुसू नये

काळी गाडी घेऊ नको, असं मला घरच्या-दारच्या मिळून अकरा जणांनी सांगितलं होतं. उन्हात तापते, रात्री दिसत नाही, विकताना भाव पडतो. आईने तर थेट शनीपर्यंत मजल मारली. खरं कारण मात्र एकानेही सांगितलं नाही. ते मला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर रात्री साडेनऊला कळलं.

पंपाच्या छताला पांढरेशुभ्र दिवे होते आणि प्रत्येक दिवा माझ्या बोनेटमध्ये उतरला होता. इथपर्यंत छानच. पण प्रत्येक दिव्याभोवती बारीक रेघांचं गोल जाळं होतं, कोळ्याने रात्रपाळी करून विणल्यासारखं. गाडी पाडव्याची. वय वर्षं शून्य, महिने चार. धूळ असेल म्हणून मी शर्टाच्या बाहीने पुसलं. जाळं हललं नाही. मग तोंडाची वाफ सोडून, जोर लावून, गोल गोल पुसलं. त्या दोन मिनिटांत मी जाळ्यात स्वतःच्या हाताने किती धागे वाढवले, ते दोन दिवसांनी कळलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अंबडकडे एक मुलगा गाड्यांचं डिटेलिंग करतो. डिटेलिंग म्हणजे गाडी धुणंच, पण तीन दिवस आणि टॉर्च लावून. त्याने टॉर्च मारला, मान हलवली आणि म्हणाला, "सर, स्वर्ल मार्क्स."

घरी येऊन मी हे निदान जड आवाजात जाहीर केलं.

"सरळ मार्क्स?" आई म्हणाली. "मग बरंय की. वाकडे असते तर काय केलं असतंस?"

त्या मुलाने मला जे समजावलं ते असं. स्वर्ल मार्क्स म्हणजे पुसता-धुताना पडलेले बारीक ओरखडे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट 40 ते 50. माणसाच्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे माझ्या डोक्यावर जे मोजके उरलेत, त्यातल्या एकापेक्षाही पातळ थरावर माझी साडेबारा लाखांची अब्रू उभी होती. "त्यातून तुमचा पेंट सॉफ्ट आहे," तो म्हणाला. वडिलांच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांनी असाच आवाज लावला होता. सॉफ्ट पेंटला ओरखडे लवकर पडतात आणि पॉलिश केलं की जातातही लवकर. रुसायला आणि हसायला सारखाच तयार.

गोल जाळ्याचं कोडंही त्याने सोडवलं. गाडी गोल पुसली म्हणून रेघा गोल दिसतात, असं नाही. रेघा पृष्ठभागावर सगळीकडे, सगळ्या दिशांना असतात. त्यांतल्या ज्या प्रकाशाला आडव्या पडतात त्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं झाल्यासारखी वाटतात. दिवा हलवला की जाळंही त्याच्याबरोबर हलतं.

"म्हणजे दिवा बंद केला की नाहीत ना?" बायकोने विचारलं. ती बँकेत आहे. प्रश्न मुळातून मिटवायची तिला सवय आहे.

मला मात्र हे ऐकताना सासऱ्यांची बाग आठवली. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षं आहेत. फेब्रुवारीत तोडणी चालू असताना मी कौतुकाने एक घड तळहातावर घेतला आणि अंगठ्याने मण्यावरची पांढुरकी धूळ पुसली. सासरे दोन ओळींपलीकडून ओरडले, "जावईबापू, मण्याला हात नाही! लस्टर जातं. देठाला धरा!" ती धूळ नव्हतीच. द्राक्षाच्या अंगचा तो मेणाचा थर, मण्यातलं पाणी उडू न देणारा. बोट लागलं की मणी काळपट, लखलखीत दिसतो आणि व्यापारी तोंड फिरवतो. पुसण्याबद्दल मला मिळालेला तो पहिला धडा. तेव्हा मी तो द्राक्षापुरता समजलो.

आता धूळ. धुळीला मी आजवर मऊ समजत आलो होतो. आपल्याकडचा डोंगर म्हणजे बसाल्ट, पांडवलेण्यापासून अंजनेरीपर्यंत. त्याची खडी होते, खडीची चुरी होते, चुरीवरून डंपर जातो आणि उरलेलं माझ्या बोनेटवर येऊन बसतं. या काळ्या दगडातली खनिजं चाकूच्या पात्याला भारी पडतील इतकी कडक. त्यात 2027च्या सिंहस्थासाठी रस्ते उकरलेले. साधूंच्या आधी माझ्या गाडीनेच अंगभर भस्म फासलं. पण गंमत अशी की धूळ नुसती बसून काही बिघडवत नाही. तिला कोणीतरी प्रेमाने पुसायला यावं लागतं.

आणि आमच्या सोसायटीत तसं प्रेम रोज पहाटे साडेपाचला येतं. गाड्या पुसणारे दादा. एक बादली, एक पिवळं फडकं, अठरा गाड्या. सुरुवात ए विंगपासून, माझी गाडी चौदावी. म्हणजे माझ्यापर्यंत येईतो तेरा गाड्यांची धूळ त्या बादलीत वस्तीला आलेली आणि पाण्याचा रंग मिसळीच्या रश्श्यावर गेलेला. फक्त तर्री कमी.

"दादा, उद्यापासून माझी गाडी पुसू नका."

त्यांचा चेहरा पडला. "काही चुकलं का साहेब?"

"नाही हो. उलट फार मनापासून पुसता."

मग मी त्यांना मायक्रॉनपासून सगळं सांगितलं. केसाचं उदाहरण द्यायला केस उपटूनही दाखवला, जो मला परवडत नाही.

"म्हणजे पुसली की खराब होते," दादा म्हणाले.

"हो."

"आणि नाही पुसली की चांगली राहते."

"अगदी बरोबर."

त्यांनी बादली खाली ठेवली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताईंना बोलवू का?"

महिन्याचे 500 रुपये चालूच ठेवतो, असं मी कबूल केलं. न पुसण्याबद्दल पगार. तीन दिवस शांततेत गेले. चौथ्या दिवशी गाडी आरशासारखी. मी धावत दादांना गाठलं. "फुकटचे पैसे अंगी लागत नाहीत साहेब," ते म्हणाले. "हळूच पुसली. जोर नाही लावला." प्रामाणिकपणावर औषध नसतं. मी जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'कृपया गाडी पुसू नये' असं लिहून तो पुढच्या काचेवर वायपरखाली अडकवला. दुसऱ्या दिवशी गाडी धुळकट, पण काच लख्ख आणि पुठ्ठासुद्धा पुसलेला. "गाडी पुसू नये लिहिलंय," दादा म्हणाले. "काच पुसू नये कुठं लिहिलंय?"

काच आणि टायर त्यांचे, रंग माझा, अशी वाटणी झाली. गाडी धुवायची जबाबदारी ओघाने माझ्यावर आली.

गाडी धुवायला दोन बादल्या लागतात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून धूळ सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पू. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात घाण खाली असते. हात सरळ फिरवायचा, उन्हात धुवायचं नाही, आणि त्याआधी पाणी मारून सुटी माती वाहून जाऊ द्यायची. भांड्याचं लिक्विड वर्ज्य. जे तव्याचं तेल सोडत नाही ते गाडीवरचं वॅक्स काय सोडणार. एकदा मोजा हातातून निसटून फरशीवर पडला. पडला की तो बाद, त्यात खडे अडकतात. मी लहानपणी जमिनीवर पडलेला लाडू फुंकर मारून खाल्लेला माणूस. अडीचशेचा मोजा बाजूला ठेवताना जीव तुटला.

साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी एक जाळी हवी, म्हणजे खाली बसलेली माती मोज्याला पुन्हा लागत नाही. मागवलेली जाळी काही येईना. स्वयंपाकघरात शोधता शोधता एक जाळी सापडली. गोल, भोकांची, बादलीत जणू मापाने केलेली. तिने तीन रविवार चोख काम दिलं. चौथ्या रविवारनंतर गणेश चतुर्थी आली. उकड निघाली, मोदक वळून झाले आणि आई सबंध ओटा उलथापालथा करत विचारू लागली, "मोदकपात्रातली जाळी कुणी घेतली?" ती मी चिंच लावून वीस मिनिटं घासली. तरी त्या वर्षी बाप्पाला आधी माफी आणि मग नैवेद्य, या क्रमाने गेलं.

मायक्रोफायबरचे टॉवेल इतर कपड्यांत धुवायचे नाहीत, नाहीतर सुती कपड्यांचे तंतू त्यांत अडकून बसतात. सॉफ्टनरही चालत नाही. हे मी वॉशिंग मशीनपाशी उभं राहून समजावत असताना बायको म्हणाली, "लग्नाला चौदा वर्षं झाली. स्वतःचा बनियन कधी वेगळा काढला नाहीस." यावर उत्तर नाही. शोधलंही नाही.

सोसायटीतल्या ज्येष्ठांची रविवारची करमणूक मात्र झाली. पेपर घेऊन खाली येतात आणि पेपर न वाचता मला वाचतात. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग गाडीवर वाळतात, म्हणून एका काकांनी आरओचं वाया जाणारं पाणी वापरायचा सल्ला दिला. मी पंधरा दिवस नळी लावून ते साठवलं. डाग दुप्पट. आरओ जे क्षार गाळून काढतं तेच त्या सोडलेल्या पाण्यात असतात, एवढी साधी गोष्ट काकांच्या लक्षात आली नाही आणि इंजिनिअर असून माझ्याही नाही.

कव्हरचा प्रयोग अल्पायुषी ठरला. आत धूळ शिरते, वारा सुटला की कव्हर हलतं आणि रात्रभर गाडीला पॉलिशपेपर घासल्यासारखं होतं. शिवाय मांजरांना ते आवडलं.

शेवटी खिशाला चाट लावून अंबडच्या मुलाकडे पॉलिश करून घेतलं. पॉलिश म्हणजे ओरखडा भरत नाहीत, त्याच्या आजूबाजूचा थर थोडा खरवडून तळाला आणतात. क्लिअर कोट तेवढा कमी होतो, त्यामुळे हे दर दिवाळीला करायचं काम नाही. वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला पारदर्शक, कडक लेप. दुसऱ्या एका दुकानदाराने मला आधी ऐकवलं होतं, "नाइन एच आहे साहेब, हिऱ्याच्या खालोखाल!" अंबडचा पोरगा खरं बोलला. ते नऊ हिऱ्याच्या मापातले नव्हेत, शिसपेन्सिलीच्या मापातले. 9एच या कडक पेन्सिलीने रेघ ओढली तर कोटिंगवर उमटत नाही, एवढाच अर्थ. पाणी आणि माती त्यावरून लवकर घरंगळते हे खरं, पण धुळीवर फडकं फिरवलं तर रेघा पडणारच. माझ्या गाडीवर आजवर कोणी पेन्सिलीने चित्र काढलं नव्हतं, त्यामुळे मी त्या बाबतीत निर्धास्त झालो.

आणि दसरा आला.

आदल्या रात्री मी आईला बसवून समजावलं. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक नको. बोटात अंगठी आहे. हळद डाग धरते. झेंडूच्या हाराला तार असते, तो बंपरवर घासतो. पूजा काचेवर कर, काच कडक असते.

"काचेवर कुणी पूजा करतं का?" आई म्हणाली. पण मग तिला माझी दया आली असावी. "बरं. तुझ्या रंगाला माझं बोटसुद्धा लागणार नाही. मग तर झालं?"

आई शब्दाची पक्की आहे. सकाळी मी आपट्याची पानं घेऊन खाली आलो, तर तिने खरोखरच रंगाला बोट लावलं नव्हतं. तिने बोनेटवर पाट मांडला होता. सागवानी, पितळी फुल्यांचा, चार पायांचा. त्यावर तांदळाचं स्वस्तिक, नारळ, सुपारी आणि निरांजन. पाट जरा तिरका बसत होता म्हणून ती तो पुढे-मागे सरकवून बघत होती.

मी डोळे मिटून हात जोडले. शेजारच्यांना वाटलं, भाव लागला.

दिवाळीला दादा सुरगाण्याकडे गावी गेले. बारा दिवस गाडीला कोणी हात लावला नाही. मागच्या काचेवर पोरांनी बोटाने 'शुभ दीपावली' लिहिलं, तेवढंच. गाडी काळी आहे हे आरसी बुक बघून कळावं अशी दशा. मी मात्र मनातून सुखी होतो.

भाऊबिजेला मेहुण्याबरोबर सासरेही आले. द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या फवारण्या सोडून आलेला माणूस, पाचलाच जागा. मी साडेसहाला बाल्कनीत आलो तर खाली ते. खांद्यावरचा पंचा हातात आणि हात माझ्या बोनेटवर. उजवी बाजू पूर्ण झाली होती, छतही अर्धं झालं होतं. मी चप्पल न घालता तीन जिने उतरलो.

"मामा!"

"चहा होईस्तोवर म्हटलं हात फिरवू," सासरे प्रसन्न मुद्रेने म्हणाले. "जावयाची गाडी, आणि काय ही कळा."

मायक्रॉन, क्लिअर कोट, केस, काहीच सुचेना. तोंडातून एवढंच निघालं, "मामा, लस्टर जातं."

त्यांचा हात हवेतच थांबला. ते वाकले, पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये तिरपं बघितलं. जाळं दिसलं असावं, कारण चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "अरारा," ते म्हणाले, "मी मण्याला हात लावला की हो." इतक्या महिन्यांत सोसायटीभर कोणाला जे समजावता आलं नव्हतं, ते त्यांना एका शब्दात कळलं.

मग दिवसभर ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. क्रिकेट खेळणारी पोरं गाडीजवळ गेली की वरून दणका, "ए! हात नाही लावायचा! देठाला धरा!" पोरांनी देठ शोधला असावा, पण गाडीपासून लांब राहिली. अर्धी चकचकीत आणि अर्धी धुळीची अशी ती गाडी त्या रात्री पार्किंगमध्ये उभी राहिली. बायको म्हणाली, अर्धनारीनटेश्वर.

सकाळी मी खाली आलो. उरलेली अर्धी बाजूही लखलखत होती. वायपरला सप्तशृंगीच्या प्रसादाची पुडी अडकवलेली होती. दादा गावाहून परत आले होते.