‘ताई, अभ्यास करून लिहीत जा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या खिशातल्या घड्याळावर (वॉल्थम या जुन्या अमेरिकन कंपनीचं) मागच्या आठवड्यात लिहिलं, ते १८८३ सालचं रेल्वेचं घड्याळ आहे असं म्हटलं, त्याखाली ‘टिकटिक’ नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘मॉडेल १८८३’ म्हणजे १८८३ साली बनलेलं घड्याळ नव्हे, साल मशीनवरच्या, म्हणजे आतल्या यंत्रावरच्या, क्रमांकावरून काढायचं असतं. मागच्या झाकणावर आगगाडीचं इंजिन कोरलंय म्हणून ते रेल्वेचं घड्याळ ठरत नाही. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, तीही मूळची नाही, मशीनच्या कडेला स्क्रूच्या दोन वेगळ्या खुणा फोटोतच दिसतात, म्हणजे मशीन आधी दुसऱ्या केसमध्ये होतं. आणि शेवटी, ‘ताई, हौस चांगली आहे, पण थोडा अभ्यास करून लिहीत जा. वाचकांची दिशाभूल होते.’

चार दिवस उत्तर दिलं नाही. मुलगी म्हणाली, सोडून दे गं आई. सोडणार होते, पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

आधी ‘ताई’. तुमचं वय मला माहीत नाही, माझं तुम्हाला माहीत नाही. मराठीत जुन्या गाड्यांवर, कॅमेऱ्यांवर, नाण्यांवर लिहिणारे पुरुष ढिगाने आहेत. ‘दादा, अभ्यास करून लिहीत जा’ असं त्यांना कुणी म्हटलेलं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. मग ‘हौस’. बायकांची ती हौस आणि पुरुषांचा तो व्यासंग, असंच ना? ‘पण’च्या आधी कौतुकाचा एक घास भरवायचा आणि मग चिमटा काढायचा, ही पद्धत आमच्या चाळीतल्या सगळ्या काकूंना येत होती. त्या निदान समोर येऊन बोलायच्या, टोपणनावाआडून नाही.

आता अभ्यास. माझे बाबा घड्याळजी होते. ठाण्यात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मी बाहेर. शाळा सुटली की मी तिथेच. बारीक स्क्रू खाली पडला की कुणी पाय उचलायचा नाही, हा नियम होता. बाबा लोहचुंबक धोतराच्या फडक्यात गुंडाळून फरशीवरून हळूहळू फिरवत, आणि फडकं झटकलं की स्क्रू बशीत. सहावीत असताना मी एचएमटीचं मागचं झाकण एकटीने उघडत होते. भिंग डोळ्यात धरून दुसऱ्या डोळ्याने गिऱ्हाइकाशी बोलायचं कसब मला अजून जमलेलं नाही, पण भिंगातून बघायचं कसं ते मला कुणी शिकवायला नको.

लग्नानंतर इलिनॉयला आले त्यालाही २३ वर्षं झाली. एल्जिन गाव माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. एल्जिन या घड्याळ कंपनीचा कारखाना १९६०च्या दशकातच पाडला, पण ताऱ्यांवरून वेळ काढण्यासाठी कंपनीने १९१० साली बांधलेली वेधशाळा अजून उभी आहे. मी तिच्यासमोर गाडी लावून अर्धा अर्धा तास बसलेली बाई आहे. तुम्ही कधी गेला आहात?

असो. मॉडेलच्या सालाबद्दल तुमचं बरोबर आहे. मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही. वॉल्थमच्या मॉडेलांना ते ज्या साली बाजारात आलं ते साल नावाला चिकटवतात, आणि मॉडेल १८८३ नंतर कितीतरी वर्षं बनत राहिलं. लिहिण्याच्या भरात मी नावालाच जन्मसाल समजून बसले. माझ्या मशीनवरचा क्रमांक ८१ लाखांच्या घरातला आहे, म्हणजे घड्याळ साधारण १८९७च्या सुमाराचं. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

पण क्रमांकावरून साल सांगणाऱ्या ज्या तक्त्यांची तुम्ही एवढी भलामण करता, तेही काही ब्रह्मवाक्य नाहीत. कंपनी क्रमांक गठ्ठ्याने वाटायची. हा गठ्ठा या दर्जाच्या मशीनला, तो त्या. एखादा गठ्ठा लगेच तयार व्हायचा, एखादा मागे पडायचा. त्यातून मशीन तयार झाल्यावर सराफाच्या कपाटात किती वर्षं पडून राहिलं, ते कुठल्याच तक्त्यात नसतं. म्हणून ‘साधारण’ हा शब्द वापरते. तुमच्या प्रतिक्रियेत तो एकदाही नाही. आणि क्रमांक मशीनवरचा बघायचा, केसवरचा नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. केसचा क्रमांक केस बनवणाऱ्या कंपनीचा, त्याचा मशीनच्या वयाशी संबंध नसतो, हे मी दोन वर्षांपूर्वीच एका लेखात लिहिलंय. अभ्यास करून प्रतिक्रिया दिली असतीत तर सापडलं असतं.

रेल्वेबद्दल. एप्रिल १८९१मध्ये ओहायोत किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका इंजिनचालकाचं घड्याळ मध्येच चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. मग क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची चौकशी सोपवली आणि त्यातून नियम आले: उघड्या तोंडाचं (तबकडीवर झाकण नसलेलं) घड्याळ, १६ किंवा १८ साइज (हे मापाचे क्रमांक), किमान १७ ज्वेल (चाकांच्या टोकांखाली बसवलेले बारीक खडे), आडवं-उभं अशा पाच स्थितींत वेळ बरोबर दाखवेल असं जुळवलेलं, आठवड्याला ३० सेकंदांच्या वर फरक नाही, काटे फिरवायला लिव्हर. तो लिव्हर माझ्या घड्याळाला आहे. पुढची काच फिरवून काढायची, नखाने तो पातळ पत्र्याचा तुकडा बाहेर ओढायचा, मगच काटे हलतात. चुकून खिशात वेळ बदलू नये म्हणून. साइज १८ आहे, तोंड उघडं आहे. ज्वेल १५ आहेत. दोन ज्वेलसाठी तुम्ही घड्याळाला रेल्वेतून उतरवणार असाल तर उतरवा. एल्जिनचं १८६७चं पहिलं घड्याळ, बी. डब्ल्यू. रेमंड, तेही १५ ज्वेलचंच होतं आणि रेल्वेवाल्यांच्या खिशात चाललं. नियम नंतर आले, गाड्या आधीपासून धावत होत्या.

आता १८९७ धरलं तर घड्याळ नियमांच्या नंतरचं होतं, हे मला दिसतंय. मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की घर आवरून सामान विकणाऱ्या ज्या कुटुंबाकडून मी घड्याळ घेतलं, त्यांनी मला सांगितलं की त्यांचे पणजोबा रेल्वेत होते. त्यांच्या पणजोबांना खोटं पाडायला मी काही इथे बसलेली नाही.

केसबद्दल फार लिहीत नाही. त्या काळी मशीन आणि केस बहुतेक वेळा वेगवेगळी विकली जायची. गिऱ्हाईक सराफाकडे जायचं, मशीन निवडायचं, मग परवडेल ती केस, आणि सराफ बसवून द्यायचा. तेव्हा ‘मूळची’ केस म्हणजे नक्की कुठली, हे आधी ठरवा आणि मग आरोप करा. इंजिन कोरलेल्या केस तर त्या काळी सर्रास मिळायच्या, रेल्वेत नोकरी असो नसो. (हे तुमच्याच बाजूने जातंय हे कळतंय मला. जाऊ दे.)

‘वाचकांची दिशाभूल’ हा शब्दप्रयोग मात्र मागे घ्यावा अशी विनंती आहे. चूक आणि दिशाभूल यात फरक असतो. घड्याळ मी विकायला काढलेलं नाही, किंमतही लेखात लिहिलेली नाही.

आज सकाळी चहा झाल्यावर बाबांचं भिंग काढलं आणि मागचं झाकण फिरवून उघडलं. मशीन केसमध्ये धरून ठेवणारा स्क्रू जिथे दाबतो तिथे कडेला एक चकचकीत अर्धगोल खूण आहे. तिथून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर आणखी एक, जुनी, काळवंडलेली. दुसऱ्या स्क्रूपाशीही तशीच जोडी. फोटो मीच काढला होता, आणि मला दिसली नव्हती.