कोड बदलला, कमेंट तशीच!

कोड बदलता ना, मग वरची कमेंट, म्हणजे कोड समजावणारी टीप, कोण बदलणार? लिनक्सच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये हे हमखास अंगाशी येतं. परवा एका ड्रायव्हरमध्ये (डिव्हाइस चालवणाऱ्या कोडमध्ये) कमेंट होती, ‘रिझ्यूम फसला तर काउंट आपोआप उतरतो.’ साफ खोटं! रिझ्यूम करणाऱ्या, म्हणजे डिव्हाइस जागं करणाऱ्या, पीएम_रनटाइम_गेट_सिंक या फंक्शनने एरर दिली तरी युसेज काउंट, म्हणजे डिव्हाइस किती जण वापरताहेत तो आकडा, वाढलेलाच राहतो, तो आपणच उतरवायचा असतो. नाही उतरवला, तर डिव्हाइस सस्पेंडला, म्हणजे झोपेत, जातच नाही आणि बॅटरी गुपचूप संपत राहते. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून मी दोन रात्री भलत्याच फाइली उपसल्या. दुसरीकडे कॉलबॅक (कर्नल ठरल्या वेळी बोलावतो ते फंक्शन) सस्पेंडच्या नोआयआरक्यू टप्प्यात हलवलाय, म्हणजे डिव्हाइसचे इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेल्या हाका) बंद, आणि कमेंट अजून म्हणतेय, ‘इंटरप्टची वाट बघा’. अहो, कसली वाट बघायची? पॅच (कोडमधला बदल) पाठवताना वरच्या दोन ओळी वाचायला मिनिटही लागत नाही!