खुलासा: क्लच प्लेटींबद्दलची माझी जुनी पोस्ट चुकीची आहे

‘बाहेरचा व्यास आणि दात जुळले की कुठल्याही क्लच प्लेटी चालतात; घसरल्याच तर कडक स्प्रिंग टाका’ हा मेसेज सध्या फिरतोय. मूळ पोस्ट माझीच. यामाहा डीटी-१ सारख्या जुन्या टू-स्ट्रोक डर्ट बाईकसाठी लिहिली होती. ती चुकीची आहे.

जाडी मोजायचीच राहिली होती. प्रत्येक प्लेट हवी त्यापेक्षा फक्त ०.२ मिमीने जास्त जाड असली, तरी सहा प्लेटींचा थर १.२ मिमीने वाढतो. मग क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर ‘खट्’ करून पडतो. थर पातळ झाला तर स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि क्लच घसरतो. कडक स्प्रिंगने हे झाकलं जातं, पण लिव्हर दगडासारखा होतो.

माझ्या इंजिनात खरा दोष बास्केटमध्ये (प्लेटी ज्यात बसतात त्या खाचांच्या डब्यात) निघाला: खाचांच्या कडांवर नखाला लागतील असे खड्डे. स्टीलच्या प्लेटी काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवला, तर दोन वाकलेल्या.

म्हणून आधी व्हर्नियरने पूर्ण थर मोजा, मॅन्युअलशी ताडा, मगच प्लेटी मागवा. आणि हो, क्लच गिअरबॉक्सच्या तेलातच भिजतो, म्हणून तिथे जासो एमए (तेलात चालणाऱ्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) तेल घाला; एमबी नको, ते जास्त निसरडं असतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर तिथे हा टाका.