वाळू कुठंय म्हणे!

समुद्रावर फिरायला येणाऱ्यांचं दर रविवारी तेच! आधी दुकानं पालथी घालायची, मग जेवणासाठी तासभर रांगेत तिष्ठायचं आणि शेवटी किनाऱ्यावर उतरून विचारायचं, ‘वाळू कुठंय?’ अहो, भरती आहे! बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. दिवसाला अशा दोन, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्याभरात जवळपास सहा तास. म्हणून गेल्या रविवारची ओहोटी या रविवारी त्याच वेळेला भरती होऊन बसते! अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका. त्यात ओल्या वाळूत गाडी घालणारे महाभाग. रुतली की अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, चाक जागीच फिरून आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू उपसा, टायरची थोडी हवा सोडा, हळू काढा. आणि आधी ओहोटी गाठा हो. दुकानं काय वाहून जातायत?